दोन खणांची वेळ

मी एक जुनी, दोन खणांची वेळ आहे. मित्रांनो, हसू नका. भिंतीवरचं घड्याळ तुम्हाला माहीत आहे, मनगटावरचंही माहीत आहे. पण घड्याळ वेळ दाखवतं आणि पुढच्या क्षणी विसरून जातं. ती वेळ कुठेतरी धरून ठेवायला जागा लागते. यंत्राच्या पोटातली ती जागा म्हणजे मी. सोळा बाईट लांबी, ना रंग ना रूप. टाचणीच्या टोकावर माझ्यासारख्या हजारो मावतील. तरी कोणी माझ्याकडे बघून नाक मुरडलेलं मला खपत नाही, कारण एकदा एका माणसाचा जीव माझ्या एका खणावर टांगलेला होता. तीच गोष्ट सांगायची आहे, पण आधी माझी ओळख नीट करून घ्या, नाहीतर पुढे अर्ध्यात विचारत बसाल.

माझ्या थोरल्या खणात पूर्ण सेकंद राहतात. धाकट्या खणात उरलेला चुरा राहतो. एका सेकंदाचे शंभर कोटी तुकडे केले, तर त्यातला एक तुकडा म्हणजे नॅनोसेकंद. धाकटा हे तुकडे मोजतो. शंभर कोटी भरले की तो रिकामा होतो आणि थोरल्यात एकाची भर पडते. बस्स, एवढाच आमचा संसार.

मला घडवलं काकूंनी. त्या कोणाच्या काकू होत्या ते मला ठाऊक नाही, पण कचेरीत सगळे त्यांना काकूच म्हणत. चौथ्या मजल्यावर खिडकीपाशी त्यांचं टेबल होतं. जमिनीखालच्या तारा आणि नळ कुठे फुटले ते ऐकून सांगणाऱ्या पेट्या ती कचेरी बनवायची आणि काकू त्या पेट्यांसाठी प्रोग्रॅम लिहायच्या. तेही अशा भाषेत, जी यंत्राला अगदी खेटून राहते. तिथे लाड नाहीत. कोणता खण केवढा, त्यात उणे आकडा चालतो की नाही, हे सगळं आधी सांगावं लागतं, आणि सांगण्यात चूक झाली तर यंत्र तुमची चूक मुकाट्याने पाळतं.

माझ्या आधी तिथे एकाच खणाची वेळ होती. एका ठरावीक दिवसापासून आजवर झालेले सेकंद, पुढे दशांश चिन्ह आणि मग चुरा, सगळं एकाच आकड्यात कोंबलेलं. दिसायला सुटसुटीत होतं. पण त्या खणात ठरावीकच अंक मावतात, आणि सेकंदच दीडशे कोटींच्या वर गेलेले. त्यांनी एवढी जागा खाल्ली की शेपटाकडचे अंक गळून पडू लागले. तारेतला विजेचा संकेत एका नॅनोसेकंदात वीतभर पळतो, मित्रांनो. अंक गळले आणि तार तुटली होती एका शिंप्याच्या दुकानासमोर, पण खोदून ठेवलं वीस-पंचवीस पावलं पुढे, एका सलूनच्या दारात. तो न्हावी काकूंना काय काय बोलला ते लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्याच दिवशी काकूंनी तो एकखणी कारभार बंद केला आणि मला लिहिलं.

माझ्या डोक्यावर त्यांनी एक टीपही लिहिली. प्रोग्रॅम लिहिणारी माणसं एकमेकांसाठी अशा टिपा ठेवतात, यंत्र त्या वाचत नाही. टीप अशी होती: 'धाकटा कधीही उणे होणार नाही. उणे चिन्ह थोरल्याने घ्यायचं. दोघांना वेगळं करू नये.'

हा आमच्या घरचा रिवाज जरा विचित्र वाटेल, म्हणून नीट ऐका. समजा तुम्हाला चार पावलं मागे जायचं आहे. आमच्याकडे आधी शंभर पावलं मागे जायचं आणि मग शहाण्णव पुढे यायचं. पोचता तिथेच, चार पावलं मागे. तसंच, शून्याच्या किंचित मागची वेळ धरायची असेल तर थोरल्यात उणे एक आणि धाकट्यात जवळजवळ शंभर कोटी. वेडगळपणा नाही हा. यामुळे दोन वेळांपैकी आधीची कोणती हे चटकन कळतं: थोरले ताडून बघा, ते सारखे निघाले तर धाकटे बघा. पण एकट्या धाकट्याला विचारलंत तर तो तुम्हाला शहाण्णव पावलं पुढे पाठवेल. खोटं बोलतो म्हणून नाही. त्याला अर्धीच गोष्ट माहीत असते.

कामाची वर्षं छान गेली. पेटीला दोन कान असत, म्हणजे जमिनीत खोल उतरवायच्या दोन सळया. खालचा आवाज एका कानाला आधी पोचे, दुसऱ्याला नंतर. दोन्ही वेळा मी धरायचे, त्यांची वजाबाकीही मीच धरायचे, आणि त्या फरकावरून आवाजाची जागा निघायची. फरक अधिक असेल तर आवाज पहिल्या कानाजवळ, उणे असेल तर दुसऱ्या कानाजवळ. नळवाले म्हणायचे, "पेटीने बोट ठेवलं तिथेच पाणी!" मी फुशारून जायचे. खोटं कशाला सांगू, फारच फुशारून जायचे.

मग काकूंना वरच्या मजल्यावर बसवलं, आणि त्यांच्या टेबलावर एक तरुण इंजिनिअर आली. तिला सगळं कालच्या काल हवं असायचं, म्हणून कचेरीने तिचं नाव घाईताई पाडलं होतं. वाईट नव्हती हो. हुशार होती, कष्टाळू होती, जेवणाचा डबा उघडायचीसुद्धा विसरायची. तिच्याकडे काम आलं एका नव्या, हातात मावेल अशा पेटीचं. पेटी लहान, तिच्या पोटातली जागाही लहान. घाईताई सगळ्यांची झडती घेत सुटली: तू किती जागा खातोस, तुझी गरज काय?

माझी पाळी आली. तिने चाचण्यांच्या नोंदी काढल्या, साडेतीन हजार फरक. प्रत्येकात थोरल्या खणात शून्य. एकदाही दुसरं काही नाही.

याचं कारण मला ठाऊक होतं, पण मला विचारतं कोण! चाचण्या कचेरीमागच्या आवारात व्हायच्या. तिथे जमिनीवर हातोडा मारायचं काम एका पहारेकरीबुवांकडे होतं. पहिल्या कानापाशी छपराची सावली होती, दुसऱ्या कानापाशी रणरणतं ऊन. बुवा साडेतीन हजार वेळा सावलीतच उभे राहिले. बरोबरच आहे, मीही उभी राहिले असते. पण त्यामुळे आवाज दर वेळी पहिल्या कानालाच आधी पोचला, फरक कधी उणे झालाच नाही आणि थोरला रोज शून्य घेऊन बसून राहिला.

"हा काय नुसताच बसून खातोय," घाईताई म्हणाली आणि तिने फरकांमधून थोरला काढून टाकला. वर एक नियमही घातला: दोन कानांत अंतर साठ मीटर, एवढं अंतर आवाज काँक्रीटमधून दोन कोटी नॅनोसेकंदांत कापतो, म्हणून त्याहून मोठा कुठलाही फरक म्हणजे गोंगाट. तो कचऱ्यात टाकायचा. टीप तिने वाचली होती का? वाचली होती. 'जुनं आहे' म्हणाली आणि तीही पुसली. मला तेव्हा इतका राग आला की काय सांगू. पण रागावून करते काय, सोळातले आठ बाईट गेलेली, अर्धी बाई मी.

आणि मग तो दिवस आला.

एका रहदारीच्या रस्त्याखाली सांडपाण्याचा जुना बोगदा होता. एक फिटर झडप बसवायला एकटाच आत उतरला होता. सकाळी पावणेअकराला त्याच्यामागे छप्पर खचलं. येण्याची वाट बंद झाली आणि कुठूनतरी पाणी आत येऊ लागलं. वर रस्त्यावर कामाचे मुकादम होते. फिटर त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ, म्हणजे सख्खा मेहुणा. त्यांनीच त्याला या कामावर लावलं होतं.

तुम्ही विचाराल, तुला कसं कळलं हे? अहो, कान आमचेच. सळईपाशी कोणी शिंकलं तरी आम्हाला समजतं. उरलेलं घाईताईने मागाहून नोंदवहीत लिहून ठेवलं, ते मी अक्षरन् अक्षर जपलं आहे.

सव्वाअकराला घाईताई नवी पेटी घेऊन धावत आली. तपासणीच्या दोन जुन्या भोकांतून सळया खाली सोडून बोगद्याच्या छपराला टेकवल्या. पहिला कान शाळेच्या फाटकापाशी, दुसरा टायरच्या दुकानापाशी. भोक पाडायचं मोठं यंत्र ट्रकवर तयार उभं होतं, माणूस खांदे आखडून वर येईल एवढं भोक पाडणारं. एक भोक पाडायला चाळीस मिनिटं. पाणी मोजणारा म्हणाला, दीड वाजता बोगदा छपरापर्यंत भरेल. म्हणजे जागा चुकून चालणार नव्हती.

खाली फिटर जिवंत होता. मला माहीत होतं! त्याच्या हातात पाना होता आणि तो छपरावर ठोकत होता. तीन ठोके, थांबायचं, पुन्हा तीन. प्रत्येक ठोका दुसऱ्या कानाला आधी येई, पहिल्याला नंतर. फरक उणे एक कोटी चाळीस लाख. आमच्या रिवाजाप्रमाणे थोरला उणे एक, धाकटा अठ्ठ्याण्णव कोटी साठ लाख. पण थोरला होता कुठे? धाकटा एकटाच उभा राही आणि छातीठोकपणे सांगे, अठ्ठ्याण्णव कोटी साठ लाख! दोन कोटींहून मोठा. गोंगाट. कचऱ्यात.

पुन्हा ठोका, पुन्हा कचऱ्यात. माझा जीव नुसता कासावीस झाला. ओरडायला तोंड नाही, हात धरायला हात नाही. मित्रांनो, खरं काय ते माहीत असून सांगता न येणं यासारखे हाल दुसरे नाहीत.

पडद्यावर दोन-चार ठिपके उमटले, तेही शाळेच्या फाटकापाशी. ते होते पाणी उपसणाऱ्या पंपाचे हादरे. पंप तिथेच लावलेला होता आणि तो बंद करायची सोय नव्हती, कारण तो थांबला असता तर दीडच्या आधीच पाणी भरलं असतं.

"इथेच असेल," घाईताई म्हणाली. आवाज तिचा तिलाच पटत नव्हता. "दुसरीकडे तर काहीच नाही."

बारा वाजता फाटकापाशी यंत्र सुरू झालं.

मुकादमांचा पाय एका जागी ठरेना. ते चालत टायरच्या दुकानापर्यंत गेले, रस्त्यावर आडवे झाले आणि त्यांनी सळईला कान लावला. मग गुडघ्यांवर धडपडत उठले.

"ताई! इकडे या! तो इथे ठोकतोय!"

"काका, पेटीत काही येत नाहीये. सळईला यंत्राचाच आवाज लागत असेल."

"यंत्र तीन मारून थांबतं का? माझ्याच हाताखाली शिकलाय तो, त्याचा हात मी ओळखतो." "घरी बायकोला काय तोंड दाखवू मी? तिनं सांगितलं होतं, त्याला खाली एकट्याला सोडू नका म्हणून."

पेटीवर विश्वास ठेवावा की माणसाच्या कानावर? चुकलं तर दुसरं भोक पाडायला वेळच नव्हता. घाईताईने काकूंना फोन लावला. फोन स्पीकरवर होता आणि ती पहिल्या सळईला टेकून उभी होती, म्हणून पुढचं सगळं मी ऐकलं.

"काकू, दुसऱ्या कानाकडून एकही ठोका येत नाहीये. मुकादम म्हणतात ऐकू येतंय."

"एकही नाही? अगं, चिमणी बसली तरी काहीतरी येतं. कचऱ्यात किती गेलेत?"

"कचऱ्यात..." बोटं चालली. "एकशे बारा."

"वाचून दाखव."

"अठ्ठ्याण्णव कोटी साठ लाख. अठ्ठ्याण्णव कोटी एकोणसाठ लाख. अठ्ठ्याण्णव कोटी साठ लाख. पुढचाही साठ..."

"गोंगाट असा ओळीने एकसारखा येतो का गं कधी?" काकूंचा आवाज एकदम खाली आला. "थोरला काय म्हणतो?"

घाईताईने यादी पुन्हा वर सरकवली.

"अगं, थोरल्या खणात काय आहे?"

"काकू, थोरला मी काढला. रोज शून्यच असायचा."

मला वाटलं, आता काकू तिला फाडून खाणार. मी असते तर खाल्लं असतं! पण काकू फक्त म्हणाल्या, "रडायला नंतर वेळ आहे. शंभर कोटींतून वजा कर."

"एक कोटी चाळीस लाख." आणि मग तिला कळलं. "उणे! काकू, उणे आहे! तो दुसऱ्या कानाजवळ आहे. नऊ मीटरवर!"

"मग माझ्याशी काय बोलत बसलीस? पळ!"

घाईताई पळाली. भोक तीन मीटर खोल गेलेलं होतं, ते तसंच सोडलं. बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. यंत्र उचलायचं, ट्रक मागे घ्यायचा, साठ मीटर रस्ता मोकळा करायचा, पुन्हा पाय रोवायचे. मुकादम स्वतः दोन्ही हातांनी दुकानापुढचे टायर बाजूला फेकत होते. दुकानदारही फेकत होता, त्याला कोणी सांगितलंसुद्धा नव्हतं. तेवढ्या वेळात घाईताईने फुटपाथवर मांडी घालून पेटी उघडली आणि थोरल्याला त्याच्या जागेवर परत बसवलं. कचऱ्याचा नियम काढला. मी पुन्हा पुरती झाले. पुढचा ठोका आला आणि पडद्यावर ठिपका पडला, दुसऱ्या कानापासून बरोबर नऊ मीटरवर. मुकादमांनी त्या जागी खडूने फुली मारली आणि फुलीवर हात ठेवून बसून राहिले.

बाराचाळीसला यंत्र जमिनीत शिरलं.

आता ठोके मी एकेक करून धरत होते, आणि ते अशक्त होत होते. तीनाचे दोन झाले. दोन ठोक्यांमधलं अंतर वाढलं. आधी दहा सेकंद, मग चाळीस, मग दोन मिनिटं. एक वाजून दोन मिनिटं आणि अकरा सेकंदांनी एक ठोका आला, एकटाच. त्यानंतर काही नाही. एक वाजून दहा. काही नाही. सव्वा वाजला, तरी काही नाही. घाईताई पडद्याकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांचं पाणी खळत नव्हतं. मी नॅनोसेकंद मोजणारी, पण एवढा लांब वेळ माझ्या वाट्याला कधी आला नव्हता.

एक वाजून चोवीस मिनिटांनी यंत्राचं पातं आरपार गेलं. चालकाने यंत्र थांबवलं. पंपाखेरीज कसलाही आवाज नाही.

आणि मग पात्यावरच, खालून, कोणीतरी पाना मारला. एकदा. दोनदा. तीनदा.

थोरला उणे एक. धाकटा अठ्ठ्याण्णव कोटी साठ लाख. ही वेळ मी आजही धरून बसले आहे, कोणी पुसा म्हटलं तरी पुसू देणार नाही.

त्याला वर घेतलं तेव्हा पाणी त्याच्या हनुवटीला लागलं होतं म्हणे. तो थरथरत होता. मुकादमांनी आधी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग त्याला मिठीत घेऊन हमसाहमशी रडले. फिटरचे शब्द दुसऱ्या कानाने टिपले: "दाजी, आधी किती ठोकलं मी. मला वाटलं, वर कोणी ऐकतच नाहीये."

घाईताई दोन हात अंतरावर उभी होती. तिने ते ऐकलं आणि पेटीतली कचऱ्याची यादी पुन्हा उघडली.

महिन्याभराने फिटर चौथ्या मजल्यावर आला. घाईताईने त्याला बोलावलं होतं. तिने ती एकशे बाराची यादी पुसली नव्हती, नंतरच्या ठोक्यांसह आणि वेळांसह कागदावर छापून ठेवली होती. तिने तो कागद त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "हे तुमचे ठोके. सगळे आले होते. पहिले एकशे बारा मीच फेकून दिले. माझी चूक होती."

फिटर बराच वेळ यादीवरून बोट फिरवत राहिला. शेवटाशी थांबून म्हणाला, "इथे किती गॅप आहे बघा. इथे माझा पाना पाण्यात पडला होता. शोधायला खाली बुडी मारली." मग त्याने कागदाची घडी घातली. "हा मी घेऊन जाऊ का? माझ्या ताईला दाखवतो. तिला वाटतं, मी आत नुसता बसून होतो." तो हसला. घाईताईला मात्र हसता आलं नाही.

माझ्या डोक्यावर ती टीप आता पुन्हा आहे, काकूंच्याच शब्दांत. खाली घाईताईने दोन ओळी वाढवल्या आहेत: 'हा खण साडेतीन हजार वेळा शून्य होता. नंतर उणे एक झाला, तेव्हा खाली माणूस होता.' चाचणीच्या दिवशी ती आता स्वतः हातोडा घेते आणि उन्हातल्या कानापाशी जाऊन उभी राहते. पहारेकरीबुवा सावलीतून तिला म्हणतात, "अहो, ऊन लागेल." ती ठोकत राहते.

मित्रांनो, मी आता म्हातारी झाले. उद्या माझ्याहून बारीक मोजणारी कोणी येईल, तिला सुखाने माझी जागा द्या, माझी तक्रार नाही. एवढंच मागणं आहे. तुमच्या कामात, तुमच्या घरात, असा कोणीतरी असेल जो रोज शून्य घेऊन कोपऱ्यात बसलेला दिसतो. त्याला उठवायच्या आधी, तो तिथे कशासाठी बसला आहे हे कोणालातरी विचारा. आणि काही फेकून दिलंच असेल, तर अधूनमधून त्या कचऱ्यालाही कान लावा. खाली कोणी अजून ठोकत असेल.